अंगठ्याखालची नाडी

मी थिएटरचं दार ढकललं तेव्हा सर्जन डॉ. रेगे हर्नियाच्या जखमेत टाके घालत होते, डॉ. हंबर्डे पेशंटच्या डोक्याशी उभे होते आणि जखमेतलं रक्त काळं होतं.

ताजं रक्त लाल असतं. ते काळपट जांभळं दिसायला लागलं की पेशंटला हवा पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"हंबर्डे, पेशंट कसा आहे?" मी दारातूनच विचारलं.

"ठीक आहे, बाई. नाडी नव्वद. नियमित."

हे ते अगदी शांतपणे म्हणाले. मी डोक्याशी गेले. पेशंटचे ओठ शिशाच्या रंगाचे झाले होते. छाती ओढल्यासारखी हलत होती, पण तोंडातून हवेची ये-जा नव्हती. जबडा सैल पडून जीभ मागे गेली होती आणि तिने घसा बंद केला होता. मी गळ्यावर बोटं ठेवली. नाडी लागेना. पुन्हा ठेवली तेव्हा धाग्याएवढी काहीतरी लागली.

हंबर्डेंचा अंगठा पेशंटच्या कानशिलावर होता. ते अजून मोजत होते.

"मास्क काढा."

"काढतो," ते म्हणाले, आणि हात हलले नाहीत. मी त्यांना खांद्याने बाजूला सारलं, मास्क फेकला, जबडा वर उचलला, चिमट्याने जीभ पुढे ओढली. सिस्टर गायकवाडांनी न सांगता प्राणवायूचा सिलिंडर ओढत आणला.

"काय चाललंय तिकडे?" रेग्यांनी मान वर न करता विचारलं.

"हात थांबवा. पेशंट निळा पडलाय."

"अहो, आत्ता मला नव्वद सांगितली!"

"थांबवा म्हटलं ना."

घोरल्यासारखा एक मोठा आवाज झाला आणि श्वास आत गेला. मग दुसरा. ओठांचा रंग हळूहळू बदलला. किती मिनिटं गेली ते मी मोजलं नाही. पेशंट जगला, हे आधीच सांगून टाकते. ही गोष्ट त्याची नाही.

नाडी नेहमी दोन किंवा तीन बोटांनी बघायची असते, अंगठ्याने कधीही नाही. अंगठ्याला स्वतःचीच जोरकस नाडी असते. पेशंटची नाडी मंद झाली, की अंगठ्याखाली बघणाऱ्याची स्वतःची नाडी लागते आणि ती पेशंटचीच वाटते. हंबर्डेंनी मोजलेले नव्वद ठोके त्यांचे स्वतःचे होते. पेशंट गुदमरत होता आणि डॉक्टर स्वतःची नाडी मोजून 'ठीक आहे' म्हणत होता.

आमचं इस्पितळ मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला होतं, लढाईच्या काळातल्या रिकाम्या बराकींत. मी तिथल्या भूल विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे मी आणि दोन शिकाऊ डॉक्टर. त्यातल्या एकाला मुंबईत जागा मिळाली आणि तो गेला. उरले हंबर्डे. नांदेडकडचे, सहा फूट उंच, बोलायला मऊ. दीड वर्ष आमच्याकडे काम करायचं, दिलेली प्रत्येक भूल एका वहीत लिहायची, त्यावर माझी सही घ्यायची. शेवटी इस्पितळाच्या कमिटीचा दाखला घेऊन मुंबईला डिप्लोमाच्या परीक्षेला बसायचं. सव्वा वर्ष झालं होतं. वही जवळजवळ भरली होती.

रेगे पुण्याहून आठवड्यातून दोनदा मोटारने यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यामुळे आठवड्याची सगळी ऑपरेशनं या दोन दिवसांत कोंबलेली असायची. त्या मंगळवारी नऊ होती. पहिल्या दोन अवघड केसना भूल मी दिली, बाकीच्या हंबर्डेंवर सोडल्या. हर्नियाची केस आठवी.

भूल ईथरने द्यायची. तारेच्या जाळीचा वाटीसारखा मास्क, त्यावर गॉजच्या घड्या आणि बाटलीतून थेंब थेंब ईथर. यंत्र आमच्याकडे होतं, पण त्याला लागणारे भुलीच्या वायूचे सिलिंडर मुंबईहून यायचे आणि बहुतेक वेळा आलेले नसायचे. ईथर सगळं पेशंटच्या नाकात जात नाही. बरंचसं भूल देणाऱ्याच्या नाकात जातं. रस्त्यावरचे ट्रक आणि समोर चाललेलं कारखान्याचं बांधकाम यांची धूळ येते म्हणून थिएटरच्या खिडक्या बंद. वर पत्रा. दुपारी दोननंतर त्या खोलीत माणूस पूर्ण जागा नसतो. सर्जनही नसतो, पण सर्जन दोन केसच्या मध्ये बाहेर जातो. बराकीच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत बसून चहा पितो. ईथर पेट घेतं म्हणून स्टोव्ह तितक्या लांब ठेवलेला. त्याच वेळात भूल देणारा आधीच्या पेशंटला शुद्धीवर आणतो आणि पुढच्याला झोपवतो. सर्जनची सुट्टी हाच भूल देणाऱ्याचा सगळ्यात कामाचा वेळ. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आतल्यांना माहीत असून कोणी बोलत नाही.

आणि एक स्टूल होतं. होतं म्हणजे त्याच्या आदल्या वर्षापर्यंत होतं. त्यावर बसून एका शिकाऊ डॉक्टरला भर दुपारी डुलकी लागली. रेगे ओरडले. मी त्याच दिवशी स्टूल उचलून बाहेरच्या दवाखान्यात कंपाउंडरला दिलं आणि नियम केला: भूल देणाऱ्याने उभं राहायचं आणि पेशंटचं डोकं सोडायचं नाही. नियमाचा दुसरा भाग बरोबर होता.

दिवाळीनंतर केव्हातरी हंबर्डे माझ्याकडे आले होते.

"बाई, एक स्टूल मिळालं असतं तर बरं झालं असतं."

"कशाला?"

"पाचव्या केसनंतर कंबर धरायलीय. जबडा उचलून उचलून हाताला मुंग्या यायल्यात."

"मी सहा वर्षं उभी राहिले, हंबर्डे. मला कोणी स्टूल दिलं नव्हतं."

"होय, बाई."

"आणखी काही?"

"बोटं फुटायलीत. ईथरनं."

"व्हॅसलीन लावा."

ते गेले. मला त्या दिवशी वाटलं, मी त्यांना घडवते आहे.

हर्नियाचे उरलेले टाके मी डोक्याशी उभी राहून रेग्यांना घालू दिले. नववी केस रेग्यांनी शुक्रवारवर ढकलली, पुण्यात त्यांना कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. पेशंट डोळे उघडून शिव्या द्यायला लागला, म्हणजे मेंदूला काही झालं नव्हतं. मग मी बाहेर आले. हंबर्डे व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या कपड्यांना इतका ईथरचा वास येत होता की मी एक पायरी वर उभी राहिले.

"बोटं दाखवा."

त्यांनी उजवा हात पुढे केला. पहिल्या दोन बोटांच्या टोकांना उभ्या भेगा होत्या, कडा पांढऱ्या पडलेल्या. मी टोकांवर नख रोवलं. त्यांना कळलं नाही.

"काही कळतंय?"

"नाही."

"म्हणून अंगठा?"

"कधी लावला ते आठवेना गेलंय, बाई. सकाळी बोटंच होती."

"काय खाल्लं सकाळपासून?"

त्यांनी विचार केला. "खाल्लं असेल की. आता भाकरीलासुद्धा ईथरचाच वास येतो. जेवण जाईना गेलंय."

"हे मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की, बाई."

पायरीवरून उठताना त्यांनी खांबाला धरलं. दिघीच्या बाजूला लष्कराचा सराव चालू होता. धडाका झाला की बराकीची तावदानं हलायची. एरवी आम्ही कोणी लक्ष देत नसू. हंबर्डे प्रत्येक आवाजाला दचकत होते.

शनिवारी कमिटी बसली. चिटणीस निवृत्त मामलेदार होते. समोर कोरे कागद, शाईची दौत आणि चौकशी कशी करायची याचा चाळीस वर्षांचा सराव.

"डॉक्टरीणबाई, नाडी अंगठ्याने बघावी की बघू नये?"

"बघू नये."

"हे त्यांना शिकवलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग प्रश्न मिटला."

रेग्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मी विचारलं होतं, पेशंट कसा आहे? त्याने मला नव्वद सांगितली. मी जखमेत बघू की डोक्याशी बघू?"

काळं रक्त डोक्याशी नसतं. जखमेतच असतं. दारातून मला दिसलं ते वीतभर अंतरावरून त्यांना दिसायला हवं होतं. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मी बोलले नाही. आमच्याकडे दुसरा सर्जन नव्हता. रेगे रागावून यायचे बंद झाले तर भोसरीपासून पुनावळ्यापर्यंतच्या माणसांना पुण्याला न्यावं लागेल, आणि आतडं अडकलेल्या हर्नियाचा पेशंट बैलगाडीतून पुण्यापर्यंत टिकत नाही. असं मी स्वतःला सांगितलं. कारण चांगलं होतं. चांगली कारणं सापडायला मला कधी वेळ लागत नाही.

दुसरंही एक वाक्य होतं. त्या सहा केस चालू असताना मी कुठे होते? प्रमुखाने थिएटरमध्ये किंवा निदान दारापाशी असायला हवं. मी ऑफिसात बसून पुढच्या महिन्याच्या ड्यूट्या लावत होते. एकच माणूस होता, तरी रेघा मारून तक्ता केला होता आणि प्रत्येक मंगळवारी, प्रत्येक शुक्रवारी हंबर्डे, हंबर्डे असं लिहिलं होतं. मी कुठे होते हे मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

हंबर्डेंना आत बोलावलं.

"तुम्हाला काही सांगायचं आहे?" चिटणीसांनी विचारलं.

"दिवसभर उभा होतो."

"आम्ही सगळेच उभे असतो," रेगे म्हणाले. त्या दिवशी ते चार वेळा चहाला बसले होते.

"लष्करात माणसं अहोरात्र उभी असतात, डॉक्टर," चिटणीस म्हणाले. "ती काही अंगठ्याने बंदूक चालवत नाहीत."

दोघे हसले. हंबर्डेंनी माझ्याकडे बघितलं. त्यांची काही मागणी नव्हती. मी काही बोलते आहे का, एवढंच ते बघत होते. मी समोरच्या कागदाकडे बघितलं. कागद कोरा होता.

ठराव तीन ओळींचा झाला. निष्काळजीपणा. शिक्षणाचा काळ ग्राह्य धरू नये. दाखला देऊ नये. म्हणजे सव्वा वर्ष पाण्यात, आणि दुसऱ्या इस्पितळात जागा मागायला गेले तर हाच ठराव आधी पुढे येणार. ठरावाखाली माझीही सही आहे.

सोमवारी सकाळी ते निरोप घ्यायला आले. ट्रंक आणि वळकटी टांग्यात ठेवलेली होती. चिंचवड स्टेशनवरून गाडी पकडायची होती.

"बाई, मी नव्वद मोजली होती. खोटं सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे. ती तुमची होती."

"तेच कळेना गेलंय. माझी साठच्या वर कधी नसते. कॉलेजात असताना पळायच्या शर्यतीत असायचो मी. माझी नव्वद कधीपासून झाली असेल?"

रोज कितीतरी पेशंटची नाडी बघणाऱ्या त्या इस्पितळात हंबर्डेंची नाडी कोणी बघितलेली नव्हती.

वही त्यांनी मागितली नाही. ती माझ्या खणात राहिली.

दहा-बारा दिवसांनी हर्नियाच्या पेशंटची बायको आली. रहाटणीची बाई, नवरा समोरच्याच कारखान्याच्या बांधकामावर मुकादम. पवना नदी नावेने ओलांडून आली होती. पदरात शेंगा.

"बाई, त्यो उंच डाक्टर कुटं हाय?"

"गेले."

"कवा येनार?"

"येणार नाहीत."

"आता गं बया! मालकांनी सांगून धाडलंय, त्याच्याच हातात दे म्हनून. त्यांना आत नेलं तवा लई भ्याले व्हते. त्या डाक्टरनं हात धरला आन म्हनला, मी हितंच हाय, कुटं जात न्हाई. मंग त्यांना झोप लागली म्हनं."

"शेंगा माझ्याकडे द्या."

"तुमी पोचत्या करताल?"

"हो."

मी पोचत्या केल्या नाहीत. सिस्टरांनी खाल्ल्या. ऑपरेशनच्या टेबलावर नवरा निळा पडला होता, हे त्या बाईला कोणी सांगितलं नव्हतं. चौकशीत तिला किंवा तिच्या नवऱ्याला एक प्रश्न विचारलेला नव्हता.

नवीन शिकाऊ डॉक्टर मिळेना. मंगळवारची आणि शुक्रवारची सगळी यादी माझ्यावर आली. पहिला आठवडा मी उभी राहिले. नियम माझाच होता. दुसराही काढला. तिसऱ्या मंगळवारी आठ केस होत्या. सातवीला, दुपारी तीनच्या सुमाराला, सिस्टर गायकवाड माझ्या कानाशी आल्या.

"बाई, अंगठा."

मी खाली बघितलं. चार बोटं जबड्याखाली आणि अंगठा पेशंटच्या कानशिलावर. तो तिथे कधी गेला मला माहीत नव्हतं. खाली नाडी छान लागत होती, भरदार, नियमित. मी बोटं लावून पेशंटची बघितली. ती वेगळी होती. सुदैवाने तीही ठीक होती.

जबडा उचलून धरायला चार बोटं खाली गुंतली, की अंगठा मोकळा राहतो आणि कानशिलावर आपोआप टेकतो. थकलेला हात जिथे टेकायला मिळेल तिथे टेकतो. त्याला शिकवलेलं आठवत नाही. निष्काळजीपणा हा शब्द त्या ठरावात वाचूनच मी सही केली होती.

ती केस संपली. पेशंट शुद्धीवर आला, त्याला सिस्टरांच्या ताब्यात दिलं. मी तशीच बाहेरच्या दवाखान्यात गेले. कंपाउंडर स्टुलावर पाय ठेवून पुड्या बांधत होता.

"पाय काढा."

"का हो बाई?"

"स्टूल पाहिजे."

मी ते स्वतः उचलून थिएटरमध्ये आणलं, पुसलं आणि डोक्याशी ठेवून त्यावर बसले. रेगे चहा पिऊन आले.

"काय बाई, थकलात?"

"हो."

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "बरं, घ्या पुढचा पेशंट."

"दहा मिनिटांनी. मी चहा घेऊन येते. आणि शुक्रवारपासून तीन केस झाल्या की भूल देणारा बाहेर जाईल. तो परत येईपर्यंत पुढचा पेशंट टेबलावर येणार नाही. खिडक्याही दोन केसच्या मध्ये उघडायच्या. धूळ पुसता येते."

"माझा वेळ जातो, बाई. मी पुण्याहून येतो."

"जाऊ दे."

"मग मी येणं बंद करीन."

"करा."

ते शुक्रवारी आले. त्याच्या पुढच्या मंगळवारीही आले. त्यानंतर एकही वार चुकला नाही. जी भीती धरून मी कमिटीपुढे गप्प बसले होते, तिच्यात एवढाच दम होता. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी हंबर्डेंसाठी वापरला नाही, स्वतःची कंबर धरल्यावर वापरला.

त्या आठवड्यात मी खणातून वही काढली. राहिलेल्या सगळ्या केसवर सह्या केल्या. शेवटच्या केसपुढे लिहिलं: 'सलग सहावी केस. भूल देणाऱ्यास विश्रांती दिलेली नव्हती. रक्त काळे झाल्याचे सर्जनच्या लक्षात आले नाही. या वेळी मी थिएटरमध्ये हजर नव्हते.' खाली सही, हुद्दा, शिक्का. हेच चार मुद्दे लिहून ठराव बदलावा म्हणून चिटणीसांकडे अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "एकदा झालेला ठराव असा उकरत नाहीत, बाई. तुमचंच नाव खराब होईल." अर्ज फाइलला लागला. वही मी रजिस्टर पोस्टाने नांदेडकडे पाठवली. दाखला नसेल तर वहीला कागदापलीकडे किंमत नाही. ते मला माहीत होतं, हंबर्डेंनाही माहीत होतं.

महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. 'ती. बाईंना सा. न. वही पोचली. शेवटचे वाक्य वाचले. आता गावी दवाखाना घातला आहे. ताप, खोकला बघतो. भूल देत नाही. नाडी पुन्हा साठवर आली आहे.'

ते कार्ड मी थिएटरच्या कपाटात आतल्या बाजूला लावलं आहे. सध्या माझ्याकडे दोन शिकाऊ डॉक्टर आहेत. यादी सुरू होण्याआधी आणि दर तीन केसनंतर सिस्टर गायकवाड त्यांची नाडी बघतात आणि पाटीवर खडूने लिहितात. नव्वदच्या वर गेली की तो बाहेर जातो आणि मी डोक्याशी बसते. पोरं हसतात. रेगे अजून कुरकुरतात. दहा मिनिटं थांबावं लागलं म्हणून आजवर एकही सर्जन मेलेला नाही.